इम्युनिटी वाढवणाऱ्या वनस्पतींच्या यादीबद्दल, जरा तातडीचं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत इम्युनिटी वाढवणाऱ्या दहा वनस्पतींवर लेख आला होता, अर्धं पान आणि खाली रंगीत चौकट. ती चौकट माझ्या धाकट्या बहिणीने कापून फ्रिजवर लावली. तिला ल्यूपस आहे, अकरा वर्षं झाली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, ल्यूपसमध्ये शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा आपलं-परकं ओळखायला चुकते आणि स्वतःच्याच सांध्यांवर, कातडीवर, किडनीवर तुटून पडते. म्हणजे तिची इम्युनिटी कमी नाहीये, ती नको तिथे नको तेवढी जागी आहे, आणि ती दाबायला ती रोज गोळ्या घेते. पण त्या गोळ्यांमुळे सर्दी-खोकला सारखा होतो ना, त्यामुळे तिच्या डोक्यात बसलं की आपली इम्युनिटी वीक आहे, आणि त्यात तुमची चौकट हातात पडली, त्यात दोन नंबरला अल्फाल्फा आणि चार नंबरला एकायनेशिया, दोन्ही एकत्र असलेल्या कॅप्सूल मिळतात, तिने आणल्या आणि आम्हाला कुणाला न सांगता सुरू केल्या. नैसर्गिक आहे म्हटल्यावर सांगायचं काय, असं तिचं म्हणणं.

तीन आठवड्यांनी बोटं सुजली, सकाळी उठून चहाचा कप धरता येईना, गालावर पुन्हा लाल चट्टा आला. तिच्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न हाच विचारला की नवीन काय सुरू केलंस, आणि कॅप्सूलची बाटली बघून तिथेच बंद करायला लावली. आता हे त्या कॅप्सूलमुळेच झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही, ल्यूपस आपला आपण पण उसळतो, आणि एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. पण अल्फाल्फा हे नाव ल्यूपसच्या पेशंटने टाळायच्या यादीत अगदी वरचं आहे, आणि तुमच्या चौकटीत ते कसलीही सूचना न देता छापलं गेलं, म्हणून हे पत्र. मी बायोलॉजी शिकवते, त्यामुळे नंतर बसून थोडं वाचलं, जुनं शिकलेलं उकरून काढलं. पत्र लांबलंय, पण विषयच तसा आहे, कात्री लावायची तर लावा, फक्त अल्फाल्फाचा भाग कापू नका.

तर अल्फाल्फापासूनच. लसूणघास म्हणून जनावरांना घालतात तीच ही वनस्पती. तिच्या बियांत आणि मोड आलेल्या कोंबांत एल-कॅनाव्हनिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं, झाडाला ते किड्यांपासून बचावासाठी लागतं. दिसायला ते आर्जिनिन या नेहमीच्या अमिनो आम्लासारखंच, इतकं सारखं की पेशी प्रोटीन बनवताना फसते आणि आर्जिनिनच्या जागी हे बसवून टाकते, मग ते प्रोटीन वाकडंतिकडं होतं. १९८१ मध्ये मॅलिनो नावाच्या संशोधकाने एका माणसाची केस छापली, कोलेस्ट्रॉल उतरतं का हे बघायला तो रोज ८० ते १६० ग्रॅम अल्फाल्फाचं बी खात होता, आणि त्याच्या रक्तातल्या सगळ्याच प्रकारच्या पेशी कमी झाल्या, बी बंद केल्यावर सुधारल्या. पुढच्याच वर्षी त्याच गटाने माकडांना अल्फाल्फाचे कोंब खायला घातले आणि काही माकडांमध्ये ल्यूपससारखाच आजार दिसला, रक्तात स्वतःच्याच पेशींविरुद्ध अँटीबॉडीज आल्या, आणि त्यामागे हे कॅनाव्हनिन असावं असं त्यांनी मांडलं. हे सगळं चाळीस वर्षांपूर्वीचं आहे. डोस मोठा होता हे मान्य, चिमूटभर कोंबांनी कुणाला काही होईल असं मी म्हणत नाहीये, पण ज्याला आधीच हा आजार आहे त्याने तो प्रयोग स्वतःवर का करावा.

आणि गंमत नाही, खरी विचार करायला लावणारी गोष्ट ही आहे की लेखात अल्फाल्फा 'इम्युनिटीला चालना देते' असं लिहिलंय ते शब्दशः खोटं पण नाहीये. चालना तर मिळतेच. चालना कुणाला, कुठल्या पेशीला, कशाविरुद्ध आणि किती वेळ, हे लिहिलेलं नाही, एवढंच. आणि सगळा घोळ तिथेच आहे.

वनस्पतींमधली द्रव्यं आपल्या इम्युन सिस्टिमला हलवतात यात शंकाच नाही. याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा १९६० सालचा आहे. पीटर नॉवेल म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संशोधक होते, रक्ताच्या कॅन्सरवर काम करायचे. त्या काळी रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या तर लाल पेशी आधी एकमेकींना चिकटवून खाली बसवायच्या, आणि त्या चिकटवण्यासाठी राजम्याच्या दाण्यातून काढलेला अर्क वापरत, त्याचं नाव फायटोहीमअ‍ॅग्लुटिनिन, ते एक लेक्टिन आहे म्हणजे साखरेच्या साखळ्यांना घट्ट धरणारं प्रोटीन. नॉवेलना दिसलं की हा अर्क घातलेल्या नळीतल्या लिम्फोसाइट्स (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार), ज्या आता संपलेल्या, पुन्हा कधी विभागणार नाहीत अशा समजल्या जायच्या, त्या दोन-तीन दिवसांत मोठ्या होऊन चक्क दुपटायला लागल्या. तोपर्यंत लोकांना वाटायचं लिम्फोसाइट म्हणजे आयुष्याच्या शेवटाला आलेली पेशी. राजम्याच्या एका प्रोटीनने ती समजूत बदलली. आजही क्रोमोसोमची तपासणी करायची तर रक्ताच्या नमुन्यात हेच घालून पेशी विभागायला लावतात, आणि टीबीसाठी जी इंटरफेरॉनची रक्ततपासणी असते त्यात पेशंटच्या टी सेल (लिम्फोसाइट्सचाच एक प्रकार) मुळात काम करतायत ना हे बघायला एका नळीत हेच घातलेलं असतं.

म्हणजे टी सेलला जागं करणारं वनस्पतीतलं द्रव्य हवं असेल तर यापेक्षा जोरदार सापडणं मुश्कील. पण मग राजमा कच्चा खाऊन इम्युनिटी वाढते का? कच्चे चार-पाच दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होऊ शकतात, कारण तेच प्रोटीन आतड्याच्या अस्तराला जाऊन चिकटतं. नीट भिजवून खळखळ उकळलं की ते नष्ट होतं, म्हणूनच शिजलेला राजमा आपण निवांत खातो. काचेच्या नळीतला हीरो पोटात गेला की विष, आणि शिजवला की नुसतं अन्न. तुमच्या लेखात 'लॅबमध्ये सिद्ध झालंय' असं तीनदा आलंय, ते वाचताना मला प्रत्येक वेळी राजमाच आठवला.

दुसरं उदाहरण ज्याला त्याला माहीत असलेलं, बिब्बा. बिब्बा उततो म्हणतो ना आपण, अंगावर फोड, खाज, सूज, तो सगळा खेळ इम्युन सिस्टिमचाच आहे. बिब्ब्याच्या तेलातले रेणू कातडीतल्या प्रोटीनला जाऊन चिकटतात, मग ते प्रोटीन शरीराला परकं वाटायला लागतं आणि टी सेल त्याच्यावर चालून येतात, म्हणून पहिल्या वेळेपेक्षा पुढच्या वेळी जास्त उततो आणि लगेच न उतता एक-दोन दिवसांनी उततो. अमेरिकेतलं पॉयझन आयव्ही याच कुळातलं, तिथेही हाच प्रकार. गाजरगवताने होणारी खाज पण साधारण याच वाटेने, त्यात पार्थेनिन असतं. ही सगळी 'वनस्पतीजन्य इम्युन स्टिम्युलंट्स'च आहेत की, पण कुणी चौकटीत टाकत नाही, टाकायलाही नको. मला एवढंच म्हणायचंय की चालना मिळणं हा स्वतःहून काही गुण नाही.

आता एकायनेशियाकडे येते, कारण जगभर सर्दीसाठी सगळ्यात जास्त खपणाऱ्या वनस्पतींपैकी ती एक आहे आणि तिच्यावर अभ्यासही भरपूर झालाय. उत्तर अमेरिकेतली जांभळ्या फुलांची वनस्पती, तिथल्या मूळ रहिवाशांच्या औषधांत होती. तिच्यात अल्किलामाइड्स असतात (जिभेवर ठेवलं की झिणझिण्या येतात त्या याच्यामुळे), मोठमोठे पॉलिसॅकराइड्स म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या असतात, चिकोरिक अ‍ॅसिड असतं. पण एकायनेशिया म्हणजे नेमकं काय? तीन वेगळ्या जाती औषधात वापरतात, कुणी मुळं घेतं, कुणी पानं-फुलं, कुणी रस काढतं तर कुणी अल्कोहोलमध्ये अर्क. पॉलिसॅकराइड अल्कोहोलमध्ये नीट उतरत नाहीत, अल्किलामाइड पाण्यात नीट उतरत नाहीत, म्हणजे एकाच नावाच्या दोन बाटल्यांत दोन वेगळी औषधं असू शकतात! २००५ मध्ये सुमारे चारशे निरोगी लोकांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा व्हायरस सोडून एकायनेशियाच्या मुळांचे तीन वेगळे अर्क देऊन बघितले, ना सर्दी टळली ना कमी झाली. २०१४ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या लोकांनी २४ चाचण्या आणि साडेचार हजारांवर माणसं एकत्र धरून आढावा घेतला, उपचार म्हणून ठोस फायदा दिसला नाही, आधीपासून घेतल्यास किंचित फायदा असू शकेल असा कल होता पण तोही कमजोर. मला यात एकायनेशियाला नावं ठेवायची नाहीयेत. किंचित असेल तर किंचित म्हणा ना.

यातली सगळ्यात विचित्र गोष्ट तर पुढेच आहे, आणि ही मला स्वतःला आधी माहीत नव्हती. कुठलीही वनस्पती इम्युनिटी वाढवते असं म्हणताना बहुतेक वेळा एक ठराविक प्रयोग असतो, मॅक्रोफेज पेशी बशीत वाढवायच्या, त्यावर अर्क घालायचा, आणि त्या किती चवताळतात ते मोजायचं. मॅक्रोफेज म्हणजे शरीरातले गस्तीवाले, त्यांच्या अंगावर टोल-लाइक रिसेप्टर असतात, जंतूंच्या कवचातली ठराविक चरबी किंवा साखर या रिसेप्टरला लागली की पेशी खवळते. ज्यूल्स हॉफमन यांनी १९९६ मध्ये फळमाशीत आणि ब्रूस बॉयटलर यांनी १९९८ मध्ये उंदरात हे दाखवलं, दोघांना २०११ चं नोबेल मिळालं. बॉयटलरनी शोधलेला रिसेप्टर ओळखतो ते बॅक्टेरियाच्या कवचातलं लिपोपॉलिसॅकराइड, आणि ते इतकं जहाल आहे की अगदी नखाएवढं सोडाच, डोळ्यांना दिसणार नाही इतकं असलं तरी मॅक्रोफेज पेटतो. आता प्रत्येक झाडाच्या आत, मुळात, खोडात बॅक्टेरिया राहतच असतात. २००८ मध्ये मिसिसिपी विद्यापीठातल्या संशोधकांनी एकायनेशिया आणि अशाच काही इम्युनिटीवाल्या वनस्पतींचे अर्क घेऊन तपासलं की मॅक्रोफेजला नक्की कोण चेतवतंय, तर बशीतला बहुतांश परिणाम वनस्पतीच्या स्वतःच्या द्रव्यांचा नव्हताच, त्या वनस्पतीत राहणाऱ्या बॅक्टेरियांच्या लिपोप्रोटीन आणि लिपोपॉलिसॅकराइडचा होता!

आणि समजा तो परिणाम खराच वनस्पतीचा आहे, तरी बशीतला मॅक्रोफेज आणि आपलं पोट यात जमीन-अस्मानाचा फरक. पॉलिसॅकराइड हे भलेमोठे रेणू, गिळल्यावर ते अख्खेच्या अख्खे रक्तात उतरत नाहीत, बरेचसे मोठ्या आतड्यात जाऊन तिथल्या बॅक्टेरियांचं खाणं होतात. आणि आपल्या आतड्यात तर लिपोपॉलिसॅकराइडचा साठा जन्मभर असतोच, त्यात कॅप्सूलमधून आणखी थोडं गेल्याने तिथल्या पेशी दचकत नाहीत.

गुळवेलीबद्दल तुमच्या लेखात चार ओळी होत्या. तिच्यातल्या अरॅबिनोगॅलॅक्टन या पॉलिसॅकराइडवर खरंच चांगलं काम झालंय, मॅक्रोफेजला ते चेतवतं, आणि तेही त्याच बॉयटलरच्या रिसेप्टरमधून. पण २०२१ पासून डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या लोकांमध्ये लिव्हरला सूज आल्याच्या केसेस छापल्या, २०२२ मध्ये ४३ पेशंटची माहिती एकत्र आली, त्यातल्या अनेकांची लिव्हर बायोप्सी ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी, म्हणजे शरीर स्वतःच्याच लिव्हरवर तुटून पडतं त्या आजारासारखी दिसत होती. यावर वाद आहे, काही तज्ज्ञांचं म्हणणं की दिसायला सारख्या दुसऱ्याच वेलीची सरमिसळ झाली असेल, आणि तो मुद्दा पण खोडून टाकण्यासारखा नाही. पण वाद आहे हे तरी वाचकाला कळू द्या. विशेषतः ज्यांना थायरॉइडचा ऑटोइम्यून प्रकार आहे, संधिवात आहे, ज्यांचं किडनी किंवा लिव्हर बदललंय, त्यांना. ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाची तर इम्युनिटी औषधांनी मुद्दाम खाली ठेवलेली असते, नाहीतर शरीर तो अवयव फेकून देईल. इम्युनिटीशी थेट संबंध नसलेली वनस्पती पण तिथे घात करू शकते, सेंट जॉन्स वॉर्ट नावाची उदासीसाठी घेतात ती वनस्पती घेतल्यावर दोन हृदय बदललेल्या पेशंटच्या रक्तातलं सायक्लोस्पोरिन (इम्युनिटी दाबायचं औषध) उतरलं आणि शरीर हृदय नाकारायला लागलं, २००० सालची नोंद आहे ही.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल की ही बाई वनस्पतींच्याच विरोधात आहे. उलट आहे. मला वाईट याचंच वाटतं की या विषयातली खरी, अभिमानाने सांगावी अशी गोष्ट तुमच्या लेखात एका ओळीतसुद्धा नव्हती.

माझ्या याच बहिणीला दोन वर्षांपूर्वी नागिणीची लस दिली गेली, शिंग्रिक्स, तिच्या गोळ्यांमुळे नागीण व्हायचा धोका जास्त म्हणून. ही लस अमेरिकेत २०१७ मध्ये पन्नाशीपुढच्यांसाठी मंजूर झाली आणि २०२१ मध्ये इम्युनिटी दाबलेल्या तरुण लोकांसाठीही. तिच्या प्रत्येक डोसमध्ये ५० मायक्रोग्रॅम एक द्रव्य असतं, क्यूएस-२१, आणि ते येतं चिलीमधल्या क्विलाया नावाच्या झाडाच्या सालीतून. साबणाचं झाडच म्हणतात त्याला, तिथले मापुचे लोक ती साल पूर्वापार धुण्यासाठी वापरत आलेत. सालीत सॅपोनिन असतात, आपल्या रिठ्यात असतात तसेच फेस आणणारे. म्हणजे ज्या मुलीने या कॅप्सूलनी त्रास करून घेतला असावा, तिलाच डॉक्टरांनी स्वतः वनस्पतीतलं इम्युन स्टिम्युलंट टोचलं होतं, आणि ते योग्यच होतं.

याची कथा शंभर वर्षं जुनी आहे. गास्तों रामों नावाचे फ्रेंच पशुवैद्य पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये घोड्यांना घटसर्पाचं निकामी केलेलं विष टोचून त्यांच्या रक्तातून अँटीटॉक्सिन मिळवायचे. त्यांच्या लक्षात आलं की ज्या घोड्याला टोचल्या जागी गळू होतं त्याचं अँटीटॉक्सिन जास्त तेज असतं. मग १९२५ च्या सुमारास त्यांनी मुद्दाम थोडी जळजळ होईल अशा गोष्टी लशीत मिसळून बघितल्या, टॅपिओकाचं पीठ, पावाचा चुरा, आगर, सॅपोनिन. टॅपिओका घातलं की घोडा जास्त अँटीबॉडी बनवायचा! अशा मिसळायच्या पदार्थाला अ‍ॅडज्युव्हंट म्हणतात. नुसतं जंतूचं शुद्ध प्रोटीन टोचलं तर शरीर फारसं लक्ष देत नाही, सोबत काहीतरी धोक्याची घंटा वाजवणारं लागतं, तरच टी सेल आणि अँटीबॉडी बनवणाऱ्या बी सेल कामाला लागतात आणि लक्षात ठेवतात. सॅपोनिनची अडचण अशी होती की ते लाल रक्तपेशींची कवचं फोडतं, कच्चा अर्क माणसाला टोचायची सोयच नाही. १९७० च्या दशकात तो शुद्ध करून जनावरांच्या लशींत वापरायला लागले, मग १९९१ मध्ये शार्लट केन्सिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या सालीतले वीसहून जास्त सॅपोनिन वेगवेगळे ओळखून कुठला कमी त्रास देऊन जास्त काम करतो हे शोधलं, एकविसाव्या नंबरला निघालेला भाग म्हणून क्यूएस-२१. पुढे तो कोलेस्ट्रॉल असलेल्या बारीक चरबीच्या गोळ्यांत बसवला की रक्तपेशी फोडण्याचा गुण जवळजवळ जातो हे कळलं. मग चाचण्या. २०१५ मध्ये पंधरा हजारांवर लोकांच्या चाचणीचा निकाल आला, पन्नाशीपुढच्या लोकांत नागिणीपासून संरक्षण ९७ टक्क्यांच्या घरात, आणि हे म्हाताऱ्या माणसांत, ज्यांच्यात लशी एरवी कमीच चालतात.

मलेरियाची पहिली लस, जिची जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये शिफारस केली, तिच्यातही क्यूएस-२१ आहे. २०२३ मध्ये शिफारस झालेल्या मलेरियाच्या दुसऱ्या लशीतलं मॅट्रिक्स-एम हे अ‍ॅडज्युव्हंटही क्विलायाच्याच सॅपोनिनपासून. एका झाडाच्या सालीवर लहान मुलांच्या दोन लशी उभ्या आहेत, आणि झाडं तोडून किती पुरणार म्हणून २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी ती सगळी साखळी उलगडून यीस्टमध्ये क्यूएस-२१ बनवून दाखवलं, दुसऱ्या गटाने तंबाखूच्या भाईबंद असलेल्या रोपात. यीस्टमध्ये त्यासाठी ३८ एन्झाइम बसवायला लागली. मी हे वर्गात सांगते तेव्हा शेवटच्या बाकावरची पोरं पण मान वर करतात.

आता या सालीची आणि त्या कॅप्सूलची तुलना करा. इथे सालीतला रेणू एकच, त्याचं वजन मायक्रोग्रॅममध्ये ठरलेलं, दंडात एका जागी दिलं जातं, परिणाम काही दिवसांत ओसरतो (दंड दुखतो, एखाद दिवस ताप, तेवढं), आणि सोबत कशाविरुद्ध जागं व्हायचं ते दाखवणारं व्हायरसचं प्रोटीन. कॅप्सूलमध्ये कुठला रेणू किती ते लिहिलेलं नाही, रोज महिनोन्महिने घ्यायचं, आणि जागं झालेल्या पेशीने कुणावर जायचं ते कुणी सांगितलेलंच नाही. ज्याची पेशी आधीच स्वतःच्या सांध्यांकडे वळलेली आहे तिथे ती कुठे जाणार.

रोजच्या भाज्यांचं वेगळं आहे आणि त्यावर तुम्ही खरं तर जास्त जागा द्यायला हवी होती. कोबी, ब्रोकोली या कुळातल्या भाज्यांतून पोटात इंडोल-३-कार्बिनॉलपासून काही रेणू बनतात, ते आतड्याच्या अस्तरातल्या लिम्फोसाइट्सच्या एका रिसेप्टरला लागतात, आणि २०११ मध्ये केंब्रिजजवळच्या बाब्राहम इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी उंदरांत दाखवलं की हे रेणू खाण्यातून काढून टाकले तर आतड्यातली ती पहारेकरी पेशींची रांगच विरळ होते. उंदीर आहेत, माणसं नाहीत, हे लिहावंच लागेल. पण याचा अर्थ बघा, इथे भडकवणं नाहीये, पेशी जागेवर टिकून राहाव्यात म्हणून रोजचं थोडं इंधन आहे. तंतुमय पदार्थांचं तर आणखीन उलट, मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया त्याचं ब्युटिरेट नावाचं द्रव्य बनवतात आणि ते इम्युन सिस्टिमला शांत ठेवणाऱ्या टी सेलना मदत करतं. शांत ठेवणं हे पण इम्युनिटीचं निम्मं काम आहे, त्याला कुणी बूस्टर म्हणत नाही.

एक बारीक चूक पण सांगते, चौकटीत सात नंबरला मशरूम होतं. मशरूम ही वनस्पती नाही, बुरशी आहे. आणि इथे हे नुसतं शब्दाचं नाही, तिच्या कवचातलं बीटा ग्लुकन (हीही एक साखरेची साखळीच) ओळखायला आपल्या पेशींवर डेक्टिन-१ नावाचा खास रिसेप्टर आहे, त्याचं हे काम २००१ मध्ये कळलं, आणि तो तिथे आहेच मुळी बुरशीच्या इन्फेक्शनपासून वाचवायला. शिताके मशरूममधलं लेंटिनन जपानमध्ये १९८० च्या दशकात पोटाच्या कॅन्सरसाठी केमोथेरपीसोबत मंजूर झालं ते इंजेक्शन म्हणून, भाजी म्हणून नव्हे. ओट्समध्येही बीटा ग्लुकन असतं पण त्याची जोडणी वेगळी, त्याचा नीट सिद्ध झालेला उपयोग कोलेस्ट्रॉल कमी करायला.

तुमच्याकडून मागणं फार नाही. अशा लेखात द्रव्याचं नाव द्या, झाडाचा कुठला भाग ते द्या, प्रयोग बशीत झाला, उंदरात झाला की माणसांत ते द्या, आणि कुणी घेऊ नये ते चौकटीच्या आतच द्या, कारण लोक चौकट कापतात, लेख कापत नाहीत. लेख लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मला अजिबात वाटत नाही.

बहिणीची बोटं आता बरीच उतरली आहेत, गोळीचा डोस मात्र वाढवावा लागला आणि तो कमी करायला महिने जातील. फ्रिजवरची चौकट तिने अजून काढलेली नाही, अल्फाल्फा आणि एकायनेशियाच्या पुढे लाल पेनने फुली मारून ठेवलीय आणि गुळवेलीपुढे प्रश्नचिन्ह. पण तुमचा अंक हजारो घरांत जातो आणि त्यातल्या कितीतरी घरांत ल्यूपसवालं, संधिवातवालं, किडनी बदललेलं माणूस असेल, त्यांच्या फ्रिजवर ती फुली नाहीये. म्हणून येत्या रविवारी, त्याच पुरवणीत, त्याच जागी आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात एवढं छापा, की ऑटोइम्यून आजार असलेल्यांनी किंवा अवयव बदललेल्यांनी त्या यादीतलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये आणि सुरू केलं असेल तर आजच डॉक्टरांना दाखवावं, आणि ल्यूपसवाल्यांनी अल्फाल्फा अजिबात नाही.

आपली नियमित वाचक,
एक बायोलॉजीची शिक्षिका